एक कॉट आणि दोन वेळचा डबा

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात सनावळीपासून होते. १९१५ साली औरंगाबादेत सरस्वती भुवन, १९१७ साली अंबाजोगाईला योगेश्वरी, १९२३ साली औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज, १९५० साली मिलिंद, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ. ही यादी खरी आहे आणि तिच्यामागे मोठ्या माणसांची आयुष्ये आहेत. पण शाळेचा दरवाजा कधी उघडला एवढेच ती सांगते. त्या दरवाजापर्यंत कोण पोचू शकले, हे तिच्यातून कळत नाही. कन्नडच्या डोंगरपट्ट्यातल्या किंवा गेवराईच्या गोदाकाठच्या खेड्यातला मुलगा चौथी पास झाला की पुढची अडचण बुद्धीची नसे, पुष्कळदा फीचीही नसे. शहरात राहायचे कुठे आणि दोन वेळ जेवायचे कुठे, इथे घोडे अडत असे. गेल्या शंभर वर्षांत ज्या कोणी या अडचणीवर उपाय काढला, त्यानेच या भागात खरे शिक्षण पोचवले, असे माझे म्हणणे आहे. ‘पोरगं शिकलं की गाव सोडतं’ ही तक्रार आपण सगळेच करतो. मराठवाड्याचा इतिहास नीट पाहिला तर क्रम उलटा दिसतो. इथे गाव सोडल्याखेरीज शिकताच येत नव्हते. गाव सोडणे ही शिक्षणाची पहिली पायरी होती आणि ती चढायला आधार कोणाला मिळाला, यावरून पुढचे सगळे ठरले.

निजामी राजवटीतला मराठवाडा म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे. घराघरांत मराठी बोलली जाई आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा होती. पुढे माध्यमिक शाळेपासून उर्दू सुरू होई. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले ते उर्दू माध्यम घेऊनच. या विद्यापीठाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. उच्च शिक्षण इंग्रजीतच दिले पाहिजे ही समजूत देशभर घट्ट असताना विज्ञान, इतिहास, कायदा या विषयांची पुस्तके एका भारतीय भाषेत आणण्यासाठी तिथे भाषांतराचे स्वतंत्र खाते काम करत होते. औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य राहिलेले मौलवी अब्दुल हक यांनी याच शहरातून उर्दूसाठी आयुष्य वेचले. पण मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पाचवीत त्याला भाषा बदलावी लागे, त्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागे, इंटरपर्यंत शिकायचे तर औरंगाबाद गाठावे लागे, आणि पदवीसाठी मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या मीटरगेज गाडीत बसून हैदराबाद. प्रत्येक टप्प्यावर घर आणखी लांब जाई. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते, आणि शेजारच्या मुंबई राज्यात ते त्याच्या दुपटीहून अधिक होते. हा फरक केवळ शाळांच्या संख्येमुळे पडला असे मला वाटत नाही.

कारण याच काळात सीमेपलीकडे काय घडत होते ते पाहावे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिचा प्राण साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये होता. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि स्वतःच्या श्रमाने शिकत. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी शिक्षण संस्थेच्याही आधी छात्रालय काढले. या तिघांनाही कळले होते, की खेड्यातल्या मुलाला शाळेआधी छप्पर लागते. मराठवाड्यात अशी साखळी उभी राहू शकली नाही. निजामी राज्यात खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे, सभा घ्यायला परवानगी लागे, आणि सार्वजनिक कामाकडे सरकार संशयाने पाही. अशा वातावरणात सरस्वती भुवन किंवा योगेश्वरी टिकल्या हेच नवल. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे शिकवायला आले आणि पुढे अंबाजोगाईला गेले. खेड्यात शाळा काढून खेड्यातच माणूस घडवायचा, ही त्यांची धारणा होती. ती उदात्त होती आणि तिच्यातून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते तयार झाले. मात्र अशा शाळा मोजक्याच होत्या.

मग शहरात शिकणारी खेड्यातली मुले राहत कशी? ज्यांचे नातलग शहरात असत ती त्यांच्याकडे राहत. ज्यांचे कोणी नसे त्यांच्यासाठी वार लावून जेवण्याची जुनी रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे ठरवायची, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कष्टांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते कष्ट खरेच होते. पण या रीतीची सीमाही स्पष्ट होती. वार लावायला दुसऱ्याच्या घरात पाटावर बसता आले पाहिजे. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला ते शक्य होते. कुणब्याच्या मुलाला अवघड होते. महार-मांगाच्या मुलाला तर त्या घराचा उंबराही ओलांडता येत नव्हता. म्हणजे वसतिगृहे नव्हती तेव्हाही शिकणाऱ्यांच्या जेवणाची एक व्यवस्था होती. फक्त ती जातीच्या आत होती. शिक्षण कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, याची बरीचशी उकल शाळेच्या हजेरीपटापेक्षा या सात घरांत होते.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि हे लोण हैदराबादपर्यंत पसरले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या बहुतेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले; पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. या प्रसंगाकडे आपण स्वातंत्र्यलढ्यातले पान म्हणून पाहतो, आणि ते तसे आहेच. इथे मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हे बंड वसतिगृहात झाले. वेगवेगळ्या गावांतून आलेली, घरच्या वडीलधाऱ्यांपासून दूर असलेली मुले पहिल्यांदाच एका छपराखाली राहत होती, रात्र-रात्र बोलत होती. गावात राहिली असती तर त्यांना आपापल्या वाड्यापलीकडचे, जातीपलीकडचे मित्र मिळाले नसते. सरकारनेही हे ओळखले, म्हणून शिक्षा काय केली तर वसतिगृहातून आणि कॉलेजातून बाहेर काढण्याची. शिकण्यासाठी आधी गाव सोडलेल्या या मुलांना आता शिकण्यासाठीच संस्थान सोडावे लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेले कॉलेज या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि जून १९५० मध्ये औरंगाबादेत. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाती कारभार होता. परिसराला नागसेनवन आणि कॉलेजला मिलिंद हे नाव मिळाले, भिक्षू नागसेन आणि राजा मिलिंद यांच्या प्रश्नोत्तरांची आठवण म्हणून. मुंबई-पुण्यात कॉलेजे होतीच. बाबासाहेबांनी निवड केली ती जिथे पदवीचे शिक्षण नावालाही नव्हते अशा प्रदेशाची, आणि त्यातही रेल्वेवर असलेल्या शहराची. आणि त्यांच्या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात जे पहिले मोठे काम हाती घेतले ते विद्यार्थी वसतिगृहाचे होते. १९२८ साली दलित वर्ग शिक्षण मंडळ काढले तेही मुख्यतः वसतिगृहे चालवण्यासाठी. कॉलेज काढण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीपासून बाबासाहेबांच्या मनात हा हिशेब पक्का होता, की अस्पृश्य मुलाच्या शिक्षणातला खरा अडसर त्याच्या राहण्या-जेवणाचा आहे. शहरात त्याला कोणी खोली देत नव्हते, खानावळीत ताट मिळत नव्हते आणि वार लावण्याचा तर प्रश्नच नव्हता.

इथे एक आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि आजही घेतला जातो. खेड्यातल्या हजारो मुलांना चौथीपर्यंतची शाळा मिळत नसताना शहरात कॉलेज आणि वसतिगृह काढून मूठभरांचे भले का करायचे? बाबासाहेबांची भूमिका अशी होती, की सत्तेच्या आणि निर्णयाच्या जागी आपली शिकलेली माणसे पोचल्याशिवाय खालच्या शाळाही नीट चालणार नाहीत. हा तर्क पुढच्या पंचवीस वर्षांत खरा ठरला. मिलिंदमधून बाहेर पडलेली पिढी शिक्षक, प्राध्यापक, वकील, अधिकारी झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, गावोगावच्या शाळांना मास्तरांची गरज पडली, आणि तेव्हा पदवी किंवा मॅट्रिक हातात असलेले दलित तरुण मराठवाड्यात उपलब्ध होते. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाने तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याकडे मराठीचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवले. उदगीरकडच्या खेड्यातून, नातलगांच्या घरी राबत, उपाशीतापाशी शिकत प्र. ई. सोनकांबळे मिलिंदला पोचले आणि इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. मराठी दलित आत्मकथनांत गाव इतक्या बारकाईने उतरले, त्याचे एक कारण मला असे दिसते, की ती लिहिणाऱ्यांनी गाव सोडले होते. वेशीबाहेरच्या वस्तीत राहून ते लिहिणे शक्य नव्हते, आणि लिहिले असते तर खपवून घेतले गेले नसते.

‘पण ती परतली नाहीत’ हा यापुढचा आक्षेप. शिकलेल्यांनी गावाकडे पाठ फिरवली, शहरात घरे बांधली, गावातल्या भावाला विसरले. या आक्षेपाला एकच उत्तर सगळ्यांसाठी देता येणार नाही, कारण गाव सगळ्यांसाठी एकच नव्हते. संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरात बोलताना बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञान, कोतेपणा आणि जातीयतेचे आगर ठरवले, तेव्हा अनेकांना ते बोचले. तीस वर्षांनी मराठवाड्याने ते शब्द खरे करून दाखवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. विद्यापीठाच्या नावावरून पेटलेला वाद विद्यापीठाच्या आवारापेक्षा गावांत जास्त भडकला, आणि रोष होता तो शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, मान वर करून चालणाऱ्या दलितांवर. नामांतर अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन झाले. ज्याचे घर गावाने जाळले त्याला ‘परत का आला नाहीस’ असे विचारण्याचा अधिकार त्या गावाला उरत नाही. परतण्याची अपेक्षा त्याच्याकडूनच करता येते, ज्याला गावाने सन्मानाने वाढवले.

शेतकऱ्यांच्या मुलांची वाट जरा वेगळी होती. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली. बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला जात न पाहता फी माफ. ‘ई.बी.सी.’ ही अक्षरे मराठवाड्यातल्या त्या पिढीला अजून पाठ आहेत. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, त्यावर तहसीलचा शिक्का, आणि जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीपुढची रांग. १९५८ साली मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झाले, १९६० साली त्याचे देवगिरी कॉलेज सुरू झाले, १९६३ साली रफिक झकेरियांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज आले. त्याआधी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले होते आणि मराठवाड्याची कॉलेजे उस्मानियाच्या कक्षेतून बाहेर पडली होती. फी गेली, कॉलेज जवळ आले. उरला राहण्या-जेवणाचा खर्च. तो गावाने एसटीच्या मदतीने भागवला. पहाटे उठून आईने भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या, वर कोरड्यास किंवा ठेचा, ॲल्युमिनियमच्या डब्यावर तेलरंगाने पोराचे नाव आणि गाव. डबा सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा. स्टँडवर पोरे गाडीची वाट पाहत उभी असायची. गाडी चुकली, पावसात ओढ्याला पूर आला किंवा टायर फुटले की त्या दिवशी उपास. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. लातूर, बीड, परभणी, औरंगाबाद अशा शहरांच्या स्टँडवर हे दृश्य कित्येक वर्षे रोजचे होते. २०२१ च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि काही महिने चालला, तेव्हा खेड्यातल्या विद्यार्थ्यांचे काय हाल झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना हा धागा किती नाजूक आहे हे सांगावे लागणार नाही. या व्यवस्थेचा खर्च सरकारच्या कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. तो आयांच्या झोपेतून आणि घरच्या ज्वारीच्या कणगीतून गेला.

पदवीधर झालेल्या या पोरांना काम कुठे मिळणार, याचा विचार मात्र कोणी वेळेवर केला नाही. १९७२ च्या दुष्काळाने गावे मोडून पडली होती. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले ते विद्यार्थ्यांनी पेटवले. नोकऱ्यांत इथल्या तरुणांना डावलले जाते, पुरेशी रेल्वे नाही, उद्योग नाहीत, सिंचन नाही, अशी गाऱ्हाणी होती. वसमतला गोळीबारात बळी गेले. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या नेत्यांनी या प्रश्नांना विकासाच्या अनुशेषाची भाषा दिली. औरंगाबादला त्याचा काही लाभ झाला. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली, १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटो आली, तिच्याभोवती लहानमोठे कारखाने आले. शिकायला औरंगाबादेत आलेला तरुण तिथेच कामाला लागला, सिडको-हडकोत भाड्याच्या खोलीत राहू लागला. मराठवाड्यातली सुबत्ता एका शहरात साठली आणि बाकीच्या जिल्ह्यांना तरुण पुरवण्याचे काम उरले. माझा रोख इथे आहे. गाव सोडणे ही आपत्ती नव्हती. गाव सोडण्याला पर्यायच न ठेवणे ही आपत्ती होती, आणि ती शिक्षणाने आणली नाही. पाणी, रस्ते आणि रोजगार एका ठिकाणी कोंडणाऱ्या धोरणांनी आणली. न शिकलेली माणसेही गाव सोडत होतीच. ती ऊसतोडीला जात होती, मुंबईच्या गोदीत आणि पुण्याच्या बांधकामांवर जात होती. शाळा न काढता गावे भरलेली राहिली असती, या म्हणण्याला बीड जिल्ह्याकडे पाहून तरी टिकाव धरता येत नाही.

कॉलेजच तालुक्याला नेले तर पोरांना बाहेर का जावे लागेल, असे कोणी विचारील. हा प्रयोग झाला. १९८३ नंतर विनाअनुदानित संस्थांची दारे उघडली, आणि पाहता पाहता जवळजवळ प्रत्येक तालुक्याला महाविद्यालय आले. मुलींसाठी आणि अगदीच गरीब घरांसाठी यातून खरोखर वाट झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण प्रयोगशाळा नाही, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि परीक्षेच्या दिवशी भिंतींवर चढणारी माणसे, हेही याच वाटेने आले. आज तर उलटाच प्रवास दिसतो: नाव तालुक्याच्या किंवा आडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, आणि विद्यार्थी प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, किंवा लातूरच्या क्लासमध्ये. कागदावर तो गावात शिकतो आहे, म्हणजे त्याला शहरात वसतिगृह देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. दरवाजा गावाजवळ आणला, पण आत काही ठेवले नाही, तर पोरे पुन्हा शहराची वाट धरतात. फरक एवढाच, की आता तो खर्च बाप जमीन गहाण टाकून करतो.

तरी एका बाबतीत अंतर कमी करणे हाच खरा उपाय ठरला, आणि ती बाब मुलींची आहे. वसतिगृहाची सारी कहाणी मुख्यतः मुलांची आहे, हे मी मांडलेल्या युक्तिवादातले न्यून आहे आणि ते उघडपणे सांगितले पाहिजे. मुलीला परगावी ठेवायला घर तयार होत नसे. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावी असेल तर तिचे शिक्षण तिथेच संपे आणि लग्नाची बोलणी सुरू होत. तिच्यासाठी एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातून खास मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या बस, यांनी जे केले ते कोणत्याही वसतिगृहाने केले नाही. संध्याकाळी घरी परत येण्याची खात्री हीच तिची शिक्षणाची संधी होती. २०२४ साली शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगला आहे. पण घनसावंगीच्या किंवा पाटोद्याच्या मुलीला अभियांत्रिकीची फी माफ झाली तरी ती ज्या शहरात शिकणार तिथे सुरक्षित खोली लागते, आणि बसची मात्रा इथे चालत नाही. पुन्हा आपण राहण्या-जेवणापाशीच येतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत हाच प्रश्न अगदी उलट्या रूपात उभा राहतो. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पाचसहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. मूल बरोबर गेले तर त्याची शाळा सुटते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम गळ्यात पडते. यावर हंगामी वसतिगृहाची योजना आली. मुलाने गावातच, आजी-आजोबांजवळ राहायचे आणि शाळेत त्याला दोन वेळचे जेवण मिळायचे. इथे आईबाप गाव सोडतात आणि मूल जेवणाच्या आधारावर गावात टिकते. वसतिगृह गाव रिकामे करते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुलांचा विचार करावा. याच कारणाने लहान मुलांची आणि तरुणांची गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, पुढे कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळांची कल्पना आली. सात वर्षांच्या मुलाची शाळा वाडीतच हवी. त्याला अंतर कापायला लावणे हा अन्याय आहे, आणि वसतिगृहांच्या बाजूचा माझा सगळा युक्तिवाद त्याला लागू होत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मात्र अंतर हवेच असते. त्याला लागतो तो अंतर पेलण्याचा आधार.

९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. त्यामागच्या मागण्यांत आरक्षण ठळक होते, म्हणून बाकीच्या गोष्टी झाकल्या गेल्या. पण जिल्ह्याजिल्ह्यांत वसतिगृहे हवीत ही मागणीही त्या काळात पुन्हा पुन्हा पुढे आली. कोरडवाहू चार एकरवाल्या बापाची पोरे शहरात कॉट बेसिसवर राहत होती, महिन्याच्या मेसचे पैसे थकवत होती. कित्येक दशकांपूर्वी सोलापूरच्या आणि नागसेनवनाच्या वसतिगृहांनी ज्या गरजेला हात घातला होता, तीच गरज आता जमीनदार समजल्या जाणाऱ्या जातीतून बोलत होती. त्या सुमारास शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना सुरू झाली. दोन्हींचा गाभा एकच आहे, वसतिगृह बांधण्याऐवजी रोख रक्कम. स्वाधारचे निकष वाचण्यासारखे आहेत. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसावा, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, आणि त्याला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा. म्हणजे गाव सोडावे लागते, हे शासनाने नियमातच मान्य केले आहे, आणि आपल्याकडे जागा नाही हेही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी रक्कम वर्षाला ५१,००० रुपये ठरली. भोजन, निवास आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला सव्वाचार हजार. उस्मानपुरा, औरंगपुरा किंवा विद्यापीठ परिसरात खोलीतली एक कॉट आणि दोन वेळचा डबा या पैशांत बसवायचा. घरमालक अनामत आणि पहिले भाडे जूनमध्येच मागतो, मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ घेतो, आणि हप्ता बँकेत पडेपर्यंत अनेकदा सत्र परीक्षा उलटून गेलेली असते. त्या मधल्या महिन्यांचे पैसे कोण घालते, याचे उत्तर गावाकडे आहे: बचत गटाचे कर्ज, आईच्या मण्या-डोरल्यावरची उचल, किंवा पहिल्या वर्षीच कॉलेज सोडून वाळूजच्या कंपनीत कंत्राटी हजेरीवर लागलेला थोरला भाऊ.